साक्ष, संहिता आणि संपादक : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातील वृत्तपत्रीय विश्वासार्हता (बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

वृत्तपत्रीय लेखनाचा विचार मराठी साहित्याच्या अभ्यासात बहुधा शैलीच्या अंगाने होत आला आहे. अग्रलेखाची भाषा, संपादकांचे निबंधलेखन, बातमीच्या गद्याचा मराठी वाक्यरचनेवर झालेला परिणाम यांसारख्या विषयांची चर्चा पुष्कळ झाली. बातमी हीदेखील एक संहिता आहे आणि अन्य कोणत्याही संहितेप्रमाणे तिच्याही प्रामाण्याचा प्रश्न उपस्थित होतो, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. छापील मजकुरामागे कोणीतरी लिहिणारा असतो व त्याने काहीतरी पाहिलेले अथवा ऐकलेले असते, हे गृहीतच धरले जात होते. त्यामुळे या प्रश्नाची निकड जाणवली नसावी. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ हे संभाषणयंत्र सर्वांसाठी खुले झाले आणि हे गृहीतक डळमळू लागले. काहीही न पाहता, कोणालाही न विचारता, निर्दोष वाटणारे गद्य क्षणार्धात तयार होऊ शकते, ही वस्तुस्थिती आता सर्वपरिचित झाली आहे. आवाज आणि चित्र यांच्या बाबतीतही तेच घडले आहे.

या परिस्थितीत वृत्तपत्रावरील विश्वास कशाच्या आधारे टिकावा आणि नव्या साधनांचा स्वीकार कोणत्या मर्यादेत व्हावा, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी बीड जिल्ह्याची निवड तीन कारणांनी केली आहे. एक तर मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या या जिल्ह्याला स्वतःची स्थानिक दैनिके आहेत. दुसरे म्हणजे येथील श्रमजीवनाची स्वतंत्र शब्दसृष्टी आहे. तिसरे आणि महत्त्वाचे कारण असे की, २०१९ ते २०२५ या काळात एक आकडा, एक ध्वनिफीत आणि काही छायाचित्रे यांनी या जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाला निर्णायक वळण दिले. विश्वासार्हतेचा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. घर, देह आणि न्याय यांच्याशी तो थेट भिडतो.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : संहितेची विश्वासार्हता तिच्या भाषिक सफाईत किंवा बाह्य रूपात नसते. ती संहितेच्या मुळाशी असलेल्या साक्षीत, त्या साक्षीचा मागोवा घेता येण्यात आणि तिची जबाबदारी स्वीकारणाऱ्या नावात असते. मराठी वाङ्मयपरंपरेला हे तत्त्व अपरिचित नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच या तत्त्वातून झालेला दिसतो.

२. मराठी गद्यातील साक्षपरंपरा

म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जातो. त्याची रचना परंपरेने शके १२०० च्या सुमाराची सांगितली जाते. या ग्रंथाचे वाङ्मयीन महत्त्व अनेकांनी विशद केले आहे. येथे त्याच्या रचनापद्धतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. श्रीचक्रधरांच्या सहवासात आलेल्या व्यक्तींना म्हाइंभटांनी गाठले, त्यांच्याकडून लीळा ऐकल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. आपण स्वतः जे पाहिले नाही ते ज्याने पाहिले त्याच्या मुखातून मिळवायचे आणि अधिकारी व्यक्तीच्या संमतीशिवाय ते ग्रंथात घ्यायचे नाही, अशी ही शिस्त होती. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथाची पुनर्रचना झाली. या प्रक्रियेतून निरनिराळे पाठ निर्माण झाले, आणि ते ज्यांच्या स्मरणातून आले त्यांच्या नावांनी ओळखले गेले. हिराइसा पाठ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. एखाद्या लीळेविषयी भिन्न आठवण असेल तर ती ‘वासना’ म्हणून नोंदविण्याची पद्धत होती. मतभेद झाकून एकच गुळगुळीत कथन तयार करण्यापेक्षा मतभेदासह कथन जतन करणे या परंपरेला अधिक सचोटीचे वाटले, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण एकनाथांचे आहे. हस्तलिखितांच्या नकला होत असताना ज्ञानेश्वरीत अनेक अपपाठ व प्रक्षेप शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, प्रती तपासून तिचा पाठ शुद्ध केला आणि त्यात स्वतःची ओवी मिसळण्यास स्पष्ट मनाई केली. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. प्रक्षिप्त ओवी वाईट रचलेली असते म्हणून ती त्याज्य ठरत नाही. कित्येकदा ती छंद, भाषा आणि आशय या सर्वच बाबतींत मूळ ओवीच्या जवळ जाते. तिचा दोष एवढाच की, ती ज्याच्या नावावर वावरते त्याची ती नसते. मूळाशी जितके अधिक साम्य, तितका प्रक्षेप अधिक घातक, हा पाठचिकित्सेचा अनुभव यंत्रनिर्मित मजकुराला तंतोतंत लागू पडतो.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने तिसरे उदाहरण अधिक निकटचे आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेने शके १११० मानला जातो आणि त्यांची समाधी अंबाजोगाईस आहे. तथापि ग्रंथाचा काळ आणि ग्रंथातील स्थळनिर्देश अंबाजोगाईचा की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचा, यांविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला. या वादामुळे मुकुंदराजांविषयीचा आदर कमी झाला नाही आणि ग्रंथाची थोरवीही उणावली नाही. आपले पुरावे उघड मांडून, प्रतिपक्षाचे पुरावे तपासून वाद करता येतो आणि असा वाद श्रद्धेला मारक ठरत नाही, असा धडा या चर्चेतून मिळतो. अंबाजोगाईहून निघणाऱ्या एका दैनिकाने ‘विवेकसिंधु’ हेच नाव धारण करावे, यातही एक औचित्य आहे.

ग्रंथसंपादन आणि वृत्तपत्र या दोन प्रवाहांचा संगम बाळशास्त्री जांभेकरांच्या ठिकाणी झालेला आढळतो. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे जांभेकर हेच १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची शिळाप्रेसवरील पहिली आवृत्ती सिद्ध करणारे संपादक होत. मराठीत ‘संपादक’ हा एकच शब्द प्राचीन ग्रंथाचा पाठ निश्चित करणाऱ्यासाठी आणि वृत्तपत्र चालविणाऱ्यासाठी रूढ झाला, हा केवळ शब्दयोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. दोघांचेही मूळ कार्य एकच आहे : हाती आलेल्या मजकुरापैकी खरा कोणता, मिसळलेला कोणता आणि संशयित कोणता, याचा निर्णय करून त्या निर्णयाखाली स्वतःचे नाव घालणे.

३. नवतेचा इतिहास आणि स्थानिक दैनिके

मराठी वृत्तपत्रसृष्टीने नव्या साधनांना क्वचितच विरोध केला. शिळाप्रेस, शिशाच्या खिळ्यांची जुळणी, ऑफसेट यंत्रे आणि संगणकीय अक्षरजुळणी असा हा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर श्रम व खर्च कमी झाले आणि प्रसार वाढला. मजकूर मात्र प्रत्येक टप्प्यावर माणसाचाच राहिला.

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात मराठी वृत्तपत्रांना मोकळीक नव्हती. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र संस्थानाच्या हद्दीबाहेरून काढले. त्यावर बंदी आली तेव्हा नाव बदलून ते पुन्हा वाचकांच्या हाती पडू लागले. येथे एक लक्षणीय गोष्ट घडलेली दिसते. मथळ्यावरचे नाव बदलत गेले, तरी वाचकांचा विश्वास ढळला नाही. कारण तो विश्वास नावाच्या अक्षरांवर नव्हता, त्यामागे उभ्या असलेल्या आणि किंमत मोजावयास तयार असलेल्या माणसांवर होता.

पुढील काळात बीड येथून ‘झुंजार नेता’, ‘चंपावतीपत्र’, ‘लोकाशा’, ‘पार्श्वभूमी’ अशी दैनिके निघाली. यांपैकी ‘चंपावतीपत्र’ या नावात बीडच्या चंपावती या जुन्या नावाची आठवण आहे. संगणकीय अक्षरजुळणी स्वस्त झाल्याने अशा लहान दैनिकांना बळ मिळाले. या दैनिकांचा कणा म्हणजे तालुका वार्ताहर. तो बहुधा पूर्णवेळ पगारी नसतो. दुकान, शेती किंवा शिकवणी सांभाळून तो बातमी देतो आणि जाहिरातीही मिळवतो. या व्यवस्थेतील दोष उघड आहेत. जाहिरातदार दुखावू नये म्हणून बातमी दडपली जाते, पुढाऱ्याचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे बातमी म्हणून छापले जाते आणि मालकीचे राजकीय धागेही पुष्कळदा गुंतलेले असतात. तेव्हा स्थानिक वृत्तपत्राचा गतकाळ विश्वासाचा सुवर्णकाळ होता, असे चित्र रंगविण्याचे कारण नाही. परंतु या व्यवस्थेत एक अंगभूत नियंत्रण होते. ज्याच्याविषयी बातमी लिहिली तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आठवडी बाजारात, बसस्थानकावर किंवा चहाच्या टपरीवर वार्ताहराला भेटू शकत असे आणि जाब विचारू शकत असे. यंत्राला असा जाब विचारता येत नाही.

या जाबाला कायद्यानेही रूप दिले होते. १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व मुद्रणस्थळ छापणे आवश्यक होते. त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली व तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापली जाणारी, वाचक सहसा न वाचणारी ती ओळ वस्तुतः संपूर्ण अंकाची साक्षरेषा असते. या अंकातील मजकुराबद्दल कोणाला न्यायालयात उभे करावयाचे, याचे उत्तर तिच्यात असते.

४. यंत्रलिखित मजकुराचे स्वरूप

भाषिक यंत्र कसे लिहिते हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या विश्वासार्हतेची चर्चा करता येणार नाही. प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून हे यंत्र शब्दांच्या परस्परसंबंधांचे आडाखे बांधते आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, हे ठरवीत वाक्य पुढे नेते. त्याचे लक्ष्य संभवनीय वाक्य हे असते. संभवनीय वाक्य पुष्कळदा खरेही असते. परंतु ते खरे असणे हा त्या प्रक्रियेतील घटक नसतो. यंत्राला बाहेरील कागदपत्रांचा शोध घेण्याची जोड देता येते व त्यामुळे चुका कमी होतात, परंतु मूळ स्वभाव बदलत नाही.

याचे वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष बोलके वाटेल असे उदाहरण अमेरिकेतील आहे. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाबरोबर आलेल्या एका पुरवणीत उन्हाळ्यात वाचावयाच्या १५ पुस्तकांची शिफारस होती. लेखक खरे होते, पुस्तकांचे परिचय आकर्षक होते. पण १५ पैकी १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती. यंत्राने ती रचली होती आणि बाहेरून आलेली ती पुरवणी कोणी तपासली नव्हती. इझाबेल अय्येंदे यांनी न लिहिलेली कादंबरी त्यांच्या नावावर छापली गेली. एकनाथांनी ज्याला मनाई केली होती तोच हा प्रकार होय. फरक एवढाच की, येथे ओवीऐवजी संपूर्ण ग्रंथच प्रक्षिप्त होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १८ देशांतील २२ प्रसारणसंस्थांनी १४ भाषांत या यंत्रांना बातम्यांविषयी प्रश्न विचारले. ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला आणि ३१ टक्के उत्तरांत स्रोतनिर्देशाचे गंभीर दोष होते. साक्ष हाच यंत्रलिखित मजकुराचा दुबळा भाग आहे, असा याचा अर्थ होतो.

मराठीच्या संदर्भात आणखी एक अडचण संभवते. यंत्राचे मराठीचे ज्ञान संगणकावर उपलब्ध असलेल्या मराठीपुरते मर्यादित असते. जी भाषा लिहिलीच गेली नाही ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बोलण्यात ‘कोयता’ म्हणजे केवळ ऊस तोडण्याचे हत्यार नसते. एकत्र काम करणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम आणि ‘खाडा’ म्हणजे कामावरील गैरहजेरी, जिच्यासाठी दंड कापला जातो. ‘दहा कोयते कारखान्याला गेले’ या वाक्यात वीस माणसे आहेत. हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस काय किंवा यंत्र काय, त्या वाक्यातून दहा हत्यारांची बातमी तयार करील. ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल आणि वीस माणसे तिच्यातून नाहीशी झालेली असतील.

५. आकडा, आवाज आणि चित्र

वरील विवेचनाची कसोटी म्हणून बीड जिल्ह्यातील तीन प्रसंग घेता येतील. यांपैकी कोणताही प्रसंग यंत्राने निर्माण केला असा दावा येथे नाही. बातमीवरील विश्वास कोणत्या घटकांवर उभा असतो आणि यंत्रयुगात त्यांपैकी कशाला धोका पोहोचतो, हे या प्रसंगांतून पाहावयाचे आहे.

पहिला प्रसंग आकड्याचा. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे वृत्त एप्रिल २०१९ मध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ने दिले. त्यानंतर हा विषय देशभर गेला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. म्हणजे साधारणपणे दर सहा स्त्रियांमागे एक. हा आकडा २०१९ पूर्वी कोणत्याही कागदावर नव्हता. तो स्त्रियांच्या देहात होता, त्यांच्या कुजबुजीत होता. पाळीच्या त्रासामुळे पडणारा खाडा, त्याचा दंड आणि फिटत नसलेली उचल यांचा शस्त्रक्रियेशी असलेला संबंध कोणीतरी पालावर, गावात, घरात जाऊन विचारल्यावरच उघड झाला. आधी लिहिलेल्या मजकुरातून नवा मजकूर तयार करणाऱ्या यंत्राला हा शोध लावता आला नसता, कारण लिहिलेले काही नव्हतेच. ज्यांच्या जीवनाची नोंद झालेली नाही त्यांच्यासाठी वार्ताहराचे प्रत्यक्ष जाणे हाच दृश्य होण्याचा एक मार्ग असतो. वृत्तसंस्था खर्च वाचविण्यासाठी वार्ताहर कमी करून यंत्र वाढवू लागल्या, तर त्याची पहिली झळ अशा जिल्ह्यांना आणि त्यातही अशा स्त्रियांना बसेल.

दुसरा प्रसंग आवाजाचा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव येथे आमदार प्रकाश सोळंके यांच्या आणि बीड येथे आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घरांची जाळपोळ झाली. जिल्ह्यात संचारबंदी लागू झाली, इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. माजलगावच्या घटनेपूर्वी सोळंके यांची म्हणून एक ध्वनिफीत समाजमाध्यमांवर फिरली होती. त्या ध्वनिफितीचा निवाडा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, आवाज कानावर पडणे आणि आग लागणे यांत फारच थोडे अंतर होते. तो आवाज कोणाचा, पूर्ण की कापलेला, कोणत्या संदर्भातला, हे विचारण्याचे काम ज्याचे आहे त्या वृत्तपत्राला एवढा अवधी पुरत नाही.

एक वर्षानंतर याच प्रश्नाने अधिक गुंतागुंतीचे रूप घेतले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान होते. आदल्या रात्री बिटकॉइनच्या कथित व्यवहाराविषयीच्या काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या व त्यांत सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज असल्याचे सांगण्यात आले. सुळे यांनी त्यांचा इन्कार करून निवडणूक आयोगाकडे व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आपण दोघांचेही आवाज ओळखतो, असे सांगितले. त्याच सुमारास ‘बूम’सारख्या तथ्यशोधन संस्थांनी ध्वनिफितींची तांत्रिक तपासणी करून त्यांतील काही कृत्रिम असल्याची शक्यता मोठी आहे, असा निष्कर्ष दिला. राजकीय आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले तरी यातून एक भाषिक सत्य हाती लागते. जवळच्या नातलगाचा कान आणि तपासणीचे यंत्र परस्परविरुद्ध साक्ष देतात. आवाजावरून माणूस ओळखण्याचा युगानुयुगांचा भरवसा येथे संपतो. ज्या समाजात साक्षरतेच्या आधीपासून आवाज हीच ओळख होती, त्या समाजाच्या दृष्टीने हा बदल साधा नाही.

तिसरा प्रसंग चित्राचा. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून करण्यात आला. तपासाअंती दाखल झालेल्या दोषारोपपत्रातील छायाचित्रे मार्च २०२५ च्या प्रारंभी माध्यमांत आली. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि ४ मार्च २०२५ रोजी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. येथे विचार करावयाचा तो त्या छायाचित्रांच्या बळाचा. ती भयानक होती म्हणून ती मानली गेली, असे म्हणणे अपुरे ठरेल. भयानक चित्रे आता कोणीही तयार करू शकतो. ती तपासयंत्रणेने हस्तगत करून दोषारोपपत्रास जोडलेली होती, म्हणजे त्यांच्या उगमापासून वाचकापर्यंतचा मार्ग सांगता येत होता, हे त्यांच्या प्रामाण्याचे खरे कारण होय. हा मार्ग नसता, तर त्याच चित्रांना ‘यंत्राने बनविलेली’ म्हणून झटकून टाकणे सोपे झाले असते. यंत्रयुगाचा हा दुसरा आणि कमी चर्चिला गेलेला धोका आहे. खोटे खरे म्हणून चालते हा एक भाग. खऱ्याला खोटे म्हणण्याची सोय उपलब्ध होते हा दुसरा. दुबळ्या माणसाजवळ स्वतःच्या बाजूने पुष्कळदा एखादे छायाचित्र किंवा एखादी ध्वनिफीतच असते. तिच्यावरचा समाजाचा विश्वास उडाला तर त्याचे एकमेव शस्त्र निकामी होते.

याच दोषारोपपत्रातील छायाचित्रांमुळे विश्वासार्हतेचे आणखी एक अंग पुढे आले. चित्र खरे आहे एवढ्यावर ते छापण्याचा अधिकार सिद्ध होत नाही. मृताचे कुटुंब, गावातील मुले आणि आधीच ताणलेले जातीय संबंध यांचा विचार करून काय छापावे, किती छापावे, झाकून छापावे की शब्दांत सांगावे, हा निर्णय संपादकाच्या विवेकाचा असतो. या निर्णयाचे ओझे यंत्रावर सोपविता येत नाही, कारण त्याच्या परिणामांना ते सामोरे जात नाही.

६. नवतेच्या स्वीकाराच्या अटी

वरील विवेचनावरून यंत्राचा त्याग करावा असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लहान दैनिकांना त्याचा उपयोग मोठा आहे. तासाभराच्या सभेचे ध्वनिमुद्रण अक्षरबद्ध करणे, लांबलचक शासननिर्णयातून तालुक्याशी संबंधित भाग शोधणे, इंग्रजी व उर्दू कागदपत्रांचे कच्चे भाषांतर मिळविणे, जुन्या अंकांची सूची करणे ही कामे यंत्राने केली तर वार्ताहराचा वेळ वाचेल. हैदराबाद राज्यातील जुने दप्तर मोठ्या प्रमाणात उर्दूत असल्यामुळे मराठवाड्यातील पत्रकार व अभ्यासक या दोघांनाही भाषांतराच्या सोयीचा विशेष लाभ होईल. २६ मे २०२४ रोजी ‘डीडी किसान’ वाहिनीने कृष आणि भूमी हे दोन कृत्रिम निवेदक सादर केले व ते ५० भाषांत बोलू शकतील असे जाहीर केले. हवामान किंवा बाजारभाव सांगण्यास असा निवेदक पुरेसा ठरू शकेल. परंतु बाजारभावाचा आकडा मुळात कोणी कोणत्या बाजार समितीतून घेतला, हे निवेदकाच्या चेहऱ्यावरून कळत नाही आणि शेतकऱ्याला कळणे आवश्यक असते ते नेमके तेच.

तेव्हा स्वीकाराच्या अटी ठरवाव्या लागतील आणि त्या मराठी परंपरेतूनच घेता येतील. म्हाइंभटांपासून पहिली अट मिळते : मूळ साक्षीदार निश्चित झाल्याशिवाय कथन ग्राह्य धरू नये. यंत्राने दिलेले प्रत्येक विधान एखादी व्यक्ती किंवा कागद यांच्यापर्यंत नेता आले पाहिजे. नेता येत नसेल तर ते गाळावे. ‘वासना’ नोंदविण्याच्या पद्धतीतून दुसरी अट मिळते. दोन साक्षी जुळत नसतील तर त्यांचे एकजीव मिश्रण करू नये, दोन्ही स्वतंत्र द्याव्यात. यंत्राचा कल मतभेद विरघळवून सरासरी वाक्य तयार करण्याकडे असतो, म्हणून ही अट विशेष महत्त्वाची आहे. एकनाथांकडून तिसरी अट येते : मूळ आणि मिसळलेले यांतील सीमा स्पष्ट राखावी. यंत्राने तयार केलेला मजकूर, चित्र किंवा आवाज असेल तर तसा स्पष्ट निर्देश करावा. चौथी अट अंकाच्या तळाच्या ओळीत आहेच : मजकूर कोणत्याही साधनाने सिद्ध झालेला असो, त्याखाली उत्तरदायी माणसाचे नाव असावे आणि चूक झाल्यास दुरुस्ती त्याच ठळकपणे छापावी.

१० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या पुढाकाराने व मारिया रेसा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केलेला पॅरिस येथील जाहीरनामा याच दिशेने जातो. संपादकीय निर्णयात माणसाचे स्थान मध्यवर्ती असावे, प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक मजकुराची जबाबदारी वृत्तसंस्थेची असावी आणि अस्सल व कृत्रिम यांतील भेद वाचकाला कळावा, अशी तत्त्वे त्यात आहेत. जागतिक पातळीवर आज मांडली जाणारी ही तत्त्वे मराठी ग्रंथपरंपरेत वेगळ्या शब्दांत वावरत होती, हे लक्षात घेतल्यास ती परकी वाटणार नाहीत आणि त्यांचे पालन केवळ नियमाच्या धाकाने करावे लागणार नाही.

या कार्यात विद्यापीठांतील मराठी विभागांचाही वाटा असू शकतो. पाठचिकित्सा हा विषय प्राचीन साहित्याच्या अभ्यासपत्रिकेपुरता मर्यादित न ठेवता वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनाही शिकविता येईल. उगम, प्रत, प्रक्षेप, पाठभेद या संज्ञा ध्वनिफितीला आणि छायाचित्रालाही लावून दाखविता येतील. बीडसारख्या जिल्ह्यातील स्थानिक दैनिकांचे जुने अंक कित्येक ठिकाणी रद्दीत जाण्याच्या स्थितीत असतात. त्यांचे जतन व संगणकीकरण झाले तर प्रादेशिक इतिहासाचे साधन टिकेल आणि उद्याच्या यंत्रांना मराठीचा अधिक खरा नमुना मिळेल. ऊसतोड, बैलबाजार, कोरडवाहू शेती या क्षेत्रांतील शब्दांचे अर्थासह संकलन हे कामही याच स्वरूपाचे आहे. ‘कोयता’ या शब्दातील दोन माणसे कोशात आली नाहीत, तर ती बातमीतही येणार नाहीत.

७. समारोप

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे भाषा आणि साक्ष यांची ताटातूट झाली आहे. यापूर्वी चांगले गद्य लिहिणाऱ्याने किमान काही वाचले, पाहिले वा ऐकले असेल, असा वाचकाचा कयास असे आणि तो पुष्कळदा बरोबर ठरे. आता सफाईदार वाक्यावरून तसा कयास बांधता येत नाही. आवाजावरून माणूस व चित्रावरून घटना निश्चित करता येत नाही. अशा वेळी विश्वासाचा आधार मजकुराच्या बाहेर, त्याच्या उगमात आणि उत्तरदायित्वात शोधावा लागतो.

बीड जिल्ह्यातील प्रसंगांतून हे स्पष्ट होते की, १३,८६१ हा आकडा विचारणाऱ्यांमुळे प्रकट झाला, छायाचित्रांना बळ त्यांच्या ज्ञात मार्गामुळे मिळाले आणि ध्वनिफितीने अनर्थ ओढवला तेव्हा तिचा उगम तपासण्यास कोणालाही सवड मिळाली नाही. नवे साधन वार्ताहराला गावापर्यंत जाण्यास, कागद वाचण्यास व पुरावा तपासण्यास अधिक वेळ मिळवून देत असेल, तर ती नवता विश्वासाला पोषक होय. वार्ताहराचे जाणेच ती अनावश्यक ठरवीत असेल, तर कितीही चमकदार असली तरी ती वृत्तपत्राच्या मुळावर येणारी आहे. केज, धारूर, वडवणी किंवा पाटोदा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर घडलेली घटना कोणीतरी तेथे जाऊन पाहावी, विचारावी, नोंदवावी आणि त्या नोंदीखाली आपले नाव घालावे, ही अपेक्षा म्हाइंभटांच्या काळाइतकीच आजही कायम आहे.